उद्योगाच्या उंबरठ्यावरील स्त्री : साहाय्यक संस्थांचे उत्तरदायित्व

(सुवर्ण महोत्सवानिमित्त नालवाडी येथे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



संस्थेच्या आयुष्यात पन्नास वर्षांचा टप्पा हा जसा आनंदाचा, तसाच हिशेबाचा प्रसंग असतो. किती विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती दिली, किती कुटुंबांना औषधोपचारासाठी साहाय्य केले, किती तरुणांना व्यवसायासाठी भांडवल मिळवून दिले, याची नोंद ताळेबंदात असते. मात्र कोण दारापर्यंत आलेच नाही, याची नोंद कोणत्याही ताळेबंदात नसते. आजच्या व्याख्यानाचा विषय या न झालेल्या नोंदीचा आहे. नव्याने उद्योग सुरू करणाऱ्यांना आधार देण्यासाठी आज अनेक संस्था उभ्या आहेत. त्यांत शासकीय महामंडळे आहेत, बँका आहेत, विद्यापीठांतील व तंत्रशिक्षण संस्थांतील नवउद्योग केंद्रे आहेत, व्यापारी संघटना आहेत आणि समाजाचे न्यासही आहेत. या संस्थांचे दार स्त्रीसाठी खरोखर उघडे आहे काय, आणि उघडे असल्यास आत आल्यावर तिला बसायला जागा आहे काय, हा प्रश्न विचारण्याची ही वेळ आहे.

हा प्रश्न जैन समाजाला इतरांपेक्षा अधिक निकडीचा का आहे, हे सांगण्यास २००१ च्या जनगणनेचे दोन आकडे पुरेसे आहेत. त्या जनगणनेत धर्मनिहाय माहिती प्रसिद्ध झाली. जैन स्त्रियांमधील साक्षरता ९०.६ टक्के, म्हणजे देशातील सर्व प्रमुख धर्मीय समाजांत सर्वाधिक होती. त्याच जनगणनेत काम करणाऱ्या म्हणून नोंद झालेल्या जैन स्त्रियांचे प्रमाण मात्र ९.२ टक्के, म्हणजे सर्वांत कमी होते. त्या वेळी देशातील सर्व स्त्रियांचे हे प्रमाण २५.६ टक्के होते. सर्वाधिक शिकलेली आणि सर्वांत कमी कमावती, अशी ही नोंद आहे. दुकानाच्या हिशेबाच्या वह्या लिहिणारी, सणासुदीच्या गर्दीत गल्ल्यावर बसणारी, घरच्या उद्योगातील माल निवडणारी स्त्री जनगणनेच्या प्रगणकाला ‘गृहिणी’ म्हणूनच सांगितली जाते, हे त्यामागील एक कारण असू शकेल. परंतु तसे असेल तर प्रश्न अधिकच गंभीर होतो. तिचे श्रम घराला हवे असतात; तिचे नाव मात्र पाटीवर, भागीदारीच्या कागदावर वा बँकेच्या खात्यावर नसते.

या विषयाचा विचार करण्यास नालवाडीसारखी उचित भूमी शोधूनही सापडणार नाही. आज वर्धा शहराला लागून असलेल्या या गावात १९३२ च्या अखेरीस आचार्य विनोबा भावे राहावयास आले. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळाची स्थापना झाली आणि खादी, तेलघाणी, चर्मोद्योग अशा ग्रामोद्योगांचे प्रयोग येथे सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबर महिन्यात वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. श्रीकृष्णदास जाजू हे त्याचे अध्यक्ष आणि कोशाध्यक्ष, तर जे. सी. कुमारप्पा हे संघटक-चिटणीस होते. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि वास्तू या कार्यासाठी दिली. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी पडले. १९३८ च्या डिसेंबरमध्ये गांधीजींच्या हस्ते तेथे मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. आजच्या भाषेत सांगावयाचे तर गावातील कारागिराला तंत्र, प्रशिक्षण, अवजारे आणि बाजारपेठ मिळवून देणारे हे केंद्र होते. ‘इन्क्युबेशन सेंटर’ हा शब्द तेव्हा प्रचारात नव्हता. कार्य मात्र तेच होते.

या केंद्रांच्या कार्यात स्त्रीचे स्थान काय होते? सूत कातणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. भात कांडणाऱ्या, दळण दळणाऱ्या, पापड-सांडगे करणाऱ्या तर जवळजवळ सर्वच स्त्रिया होत्या. ग्रामोद्योग संघाच्या आठ जणांच्या पहिल्या मंडळात मात्र गोशीबेन कॅप्टन या एकच महिला होत्या. १९३४ साली एक तरी नाव होते, हे त्या काळाच्या मानाने पुढारलेपणाचे होते. तरीही श्रम करणाऱ्या बहुतांश स्त्रिया आणि निर्णय घेणारे बहुतांश पुरुष, ही रचना तेथेही होती आणि आजही बहुसंख्य संस्थांमध्ये ती तशीच आहे.

याच काळात घडलेली एक घटना मात्र आजच्या प्रत्येक साहाय्यक संस्थेने अभ्यासावी अशी आहे. चरखा संघाकडून सूत कातणाऱ्या स्त्रियांना मिळणारी मजुरी अत्यंत तुटपुंजी होती. खादी स्वस्त राहिली पाहिजे, अन्यथा ती खपणार नाही, असा हिशेब त्यामागे होता. व्यापारी दृष्टीने हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. परंतु विनोबांनी नालवाडीत स्वतः तासन् तास कताई करून, त्या मजुरीवर माणूस जगू शकतो काय, याचा प्रयोग केला. जी मजुरी कागदावर ‘परवडणारी’ दिसत होती, ती पोट भरण्यास किती अपुरी आहे, हे चरख्यासमोर बसल्यावरच उमगले. १९३५ मध्ये गांधीजींनी आठ तासांच्या कामास आठ आणे मिळावेत, असा आग्रह धरला. कार्यकर्त्यांनी खप घटण्याची भीती व्यक्त केली. अखेर आठ आण्यांचे ध्येय ठेवून, प्रत्यक्षात तीन आण्यांच्या आसपासच्या किमान मजुरीने सुरुवात करण्याचे ठरले. खादी महागली, पण कातणारीला किमान मजुरीचा हक्क आहे हे तत्त्व मान्य झाले.

या घटनेचा बोध असा की, नियम करणारा जोवर नियम भोगणाऱ्याच्या जागी बसून पाहत नाही, तोवर त्याला नियमातील उणीव दिसत नाही. चरखा संघातील मंडळी स्वार्थी नव्हती, किंबहुना ती त्यागी होती. तरीही कातणारीची अडचण त्यांच्या हिशेबात आली नव्हती. चांगला हेतू आणि योग्य रचना या दोन भिन्न गोष्टी आहेत.

योग्य रचना कशी असते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत.

पहिले उदाहरण सर्वपरिचित आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईतील गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात महिला पापड लाटण्यास बसल्या. ८० रुपयांच्या उसनवारीवर सुरू झालेल्या या कामाच्या पहिल्या दिवशी चार पाकिटे पापड तयार झाले. त्यातूनच श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. १९६६ मध्ये तिची रीतसर नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. ज्या आयोगाने ही मान्यता दिली, त्याची वैचारिक मुळे वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघात होती, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. पुढे या संस्थेतील भगिनींची संख्या सुमारे ४५ हजारांवर गेली आणि संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या यशात छगनलाल करमशी पारेख या गृहस्थांचा वाटा मोठा होता. त्यांनी पैसे उसने दिले, हिशेब काटेकोर ठेवण्याची शिस्त लावली, देणगी स्वीकारू नका असे बजावले आणि मालाच्या गुणवत्तेत तडजोड करू दिली नाही. पण त्यांनी संस्था स्वतःच्या ताब्यात घेतली नाही. सभासद स्त्रियाच राहिल्या, व्यवस्थापन त्यांच्याच हाती राहिले आणि नफ्यातील वाटाही त्यांचाच राहिला. अनुभवी व्यापाऱ्याने नव्या उद्योजिकेला साहाय्य कसे करावे, याचा हा वस्तुपाठ होय. सल्ला द्यावा, हिशेब तपासावा, बाजार दाखवावा आणि खुर्चीवर मात्र तिलाच बसू द्यावे.

दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचे आहे. म्हसवड हे दुष्काळी पट्ट्यातील गाव. तेथील मोलमजुरी करणाऱ्या स्त्रियांना लहान बचतीसाठीही बँका खाते उघडून देत नाहीत, हे पाहून चेतना गाला सिन्हा यांनी स्त्रियांची सहकारी बँक काढण्याचे ठरविले. पहिला प्रस्ताव भारतीय रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या स्त्रिया खचल्या नाहीत. साक्षरतेचे वर्ग सुरू झाले आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. लिहिता येत नसले तरी मोजता येते. कोणत्याही रकमेचे व्याज आकडेमोडीच्या यंत्राशिवाय सांगतो, हवे तर परीक्षा घ्या, असे त्यांनी सांगितले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

या बँकेचे वैशिष्ट्य तिच्या जन्मकथेत आहे, त्याहून अधिक तिच्या कार्यपद्धतीत आहे. रोजंदारी बुडवून बँकेत येणे स्त्रियांना परवडत नव्हते, म्हणून बँकच बाजारात आणि दारात गेली. घरात पासबुक ठेवले की बचतीची रक्कम घरातील पुरुषांना कळते आणि ती काढून घेतली जाते, असे स्त्रियांनी सांगितले. तेव्हा पासबुकाला पर्याय शोधण्यात आला. व्यवसायाचे शिक्षण घेण्यास त्या शहरात येऊ शकत नव्हत्या, म्हणून प्रशिक्षणाचा वर्ग बसगाडीत भरवून गावोगावी नेण्यात आला. येथे प्रत्येक वेळी बदलली ती संस्था. ‘महिला पुढे येत नाहीत’ अशी तक्रार तिने केली नाही. पुढे येण्यात कोणता अडसर आहे, असे विचारले आणि तो दूर केला.

वर्धा जिल्ह्यातही ही परंपरा खंडित झालेली नाही. डॉ. विभा गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली मगन संग्रहालय समितीने सेंद्रिय कापूस, नैसर्गिक रंग आणि खादी यांची सांगड घालून ग्रामीण स्त्रियांना काम मिळवून दिले. मगनवाडीतच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था ग्रामोद्योगांना तांत्रिक साहाय्य आणि प्रशिक्षण देते. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, म्हणजे ‘उमेद’मध्ये, गावोगावी जाऊन बचत गट बांधणाऱ्या अनुभवी स्त्रियांना ‘वर्धिनी’ म्हणतात; त्या शब्दात वर्ध्याचा नाद आहे. २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाची लोकसंचालित साधन केंद्रे तर गटांतील स्त्रियाच चालवितात.

येथपर्यंतचे चित्र आशादायक आहे. परंतु या सर्व उदाहरणांत स्त्रियांची संस्था वेगळी आहे. प्रश्न उरतो तो सर्वांसाठी असलेल्या संस्थांचा. बचत गटापर्यंत स्त्री पोहोचली. मोठ्या भांडवलाच्या, नव्या तंत्रज्ञानाच्या आणि व्यापारी संघटनेच्या दारात तिचे काय होते?

१६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र शासनाने ‘स्टार्टअप इंडिया’ कार्यक्रम सुरू केला. त्याअंतर्गत मान्यता मिळालेल्या नवउद्योगांची संख्या पुढे लाखाच्या वर गेली आणि त्यांपैकी निम्म्याच्या जवळपास उद्योगांत किमान एक महिला संचालक वा भागीदार आहे, असे शासकीय आकडे सांगतात. ही वाढ स्वागतार्ह आहे. मात्र ‘किमान एक महिला संचालक’ या शब्दांआड काय दडू शकते, हे व्यापारी कुटुंबांना सांगावयास नको. कराच्या सोयीसाठी पत्नीच्या नावे पेढी, आईच्या नावे गुदाम, सुनेच्या नावे भागीदारी, हे प्रकार बाजारपेठेला अपरिचित नाहीत. कागदावर तिची स्वाक्षरी असते आणि धनादेश-पुस्तक मात्र दुसऱ्याच्या खणात असते. म्हणूनच २०१६ मध्ये आलेल्या ‘स्टँडअप इंडिया’ योजनेने महिलेचा किमान ५१ टक्के हिस्सा आणि उद्योगावरील नियंत्रण, अशा दोन्ही अटी घातल्या होत्या. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये आणलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजनेतही ५१ टक्के हिश्श्याची अट असून १ लाख ते २५ लाख रुपयांपर्यंतच्या अर्थसाहाय्याची तरतूद आहे. या अटींचा अर्थ स्पष्ट आहे. नाव पुरेसे नाही, अधिकार हवा.

मुद्रा योजनेचे उदाहरणही असेच बोलके आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेतील कर्जखात्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश खाती स्त्रियांची आहेत. परंतु त्यांतील बहुसंख्य खाती ५० हजार रुपयांपर्यंतच्या ‘शिशु’ गटातील आहेत. लहान कर्जाचे महत्त्व कमी नाही. पण शिशु कायम शिशुच राहिले, तर पालकांनी विचार केला पाहिजे. ५० हजारांत शिलाई यंत्र येते, कपड्याच्या कारखान्याची उभारणी होत नाही.

मोठे कर्ज मागावयास गेले की तारणाचा प्रश्न येतो आणि येथे विषय थेट घराच्या उंबरठ्यावर पोहोचतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात हा हक्क अधिक निःसंदिग्ध केला. कायदा स्पष्ट आहे. व्यवहार मात्र हक्कसोडपत्राचा आहे. वडिलांच्या पश्चात बहिणींना दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बोलावले जाते आणि माहेरचे दार उघडे राहावे म्हणून त्या मुकाट्याने स्वाक्षरी करतात. लग्नानंतर सासरची मिळकतही तिच्या नावे नसते. मग हीच स्त्री कर्जासाठी गेली की अर्जात ‘तारण’ या रकान्यापुढे तिला काही लिहिता येत नाही. जी संस्था स्थावर तारणाची अट सर्वांना ‘समान’ लावते, ती प्रत्यक्षात समान वागत नाही. एकाच मापाचा सदरा दुकानात सर्वांसाठी टांगला, तरी तो सर्वांच्या अंगाला बसत नाही.

या अडचणीवर उपाय आहे. २००० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या पतहमी निधी न्यासाच्या योजनेत तारणाविना कर्ज देणाऱ्या बँकेला हमी मिळते आणि महिलांच्या कर्जांना त्यात विशेष सवलत आहे. समाजाच्या न्यासांनाही हा मार्ग अनुसरता येईल. स्थावर तारणाऐवजी ऑर्डरची प्रत, विक्रीची नोंद, बचतीचा इतिहास आणि दोन अनुभवी व्यापाऱ्यांची शिफारस ग्राह्य धरता येईल. जुन्या पेढ्या माणसाची पत पाहून उधारी देत असत. ती पत स्त्रीचीही पाहता येते.

तारणानंतर येतो मुलाखतीचा टप्पा. याविषयी अमेरिकेतील एका संशोधनाचा निष्कर्ष मननीय आहे. दाना कँझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवउद्योगांच्या स्पर्धेत गुंतवणूकदारांनी विचारलेल्या प्रश्नांचा अभ्यास केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुष उद्योजकांना विचारलेले सुमारे दोन तृतीयांश प्रश्न वाढीचे होते, म्हणजे बाजार किती मिळवाल, विस्तार कसा कराल, अशा स्वरूपाचे. स्त्रियांना विचारलेले सुमारे दोन तृतीयांश प्रश्न धोक्याचे होते, म्हणजे तोटा कसा टाळाल, आहेत ते ग्राहक कसे टिकवाल, असे. ज्यांना वाढीचे प्रश्न विचारले गेले, त्यांना पुढे कितीतरी पट अधिक भांडवल मिळाले. विशेष म्हणजे स्त्री परीक्षकही स्त्रियांना तसेच प्रश्न विचारीत होत्या. दोष केवळ पुरुषांच्या मनात नाही. तो सर्वांच्या सवयीत आहे.

हे चित्र दूरच्या देशातील म्हणून सोडून देता येणार नाही. न्यासाच्या वा पतसंस्थेच्या मुलाखतीत तरुणाला विचारले जाते, “दुसरी शाखा कधी काढणार?” तरुणीला विचारले जाते, “लग्न झाल्यावर काय करणार? सासरच्यांची संमती आहे का? मुले कोण पाहणार?” हे प्रश्न वडीलधाऱ्यांच्या काळजीतून येतात, यात शंका नाही. पण ज्या प्रश्नाचे उत्तर मुलाकडून अपेक्षित नसते, त्या प्रश्नावर मुलीची पात्रता ठरविणे न्याय्य नव्हे.

येथे काही आक्षेपांचा प्रामाणिक विचार करावा लागेल.

पहिला आक्षेप असा की, गुणवत्ता हाच निकष असावा, स्त्री-पुरुष भेद कशाला? तत्त्व निर्विवाद आहे. परंतु गुणवत्तेची परीक्षा होण्यासाठी उमेदवार परीक्षेला पोहोचावा लागतो. म्हसवडच्या स्त्रियांना व्याजाचे गणित येत होते. ते विचारण्याची सोय नियमात नव्हती, एवढेच.

दुसरा आक्षेप असा की, मुलगी लग्न होऊन जाते, मग न्यासाचे भांडवल वाया जाते. वस्तुतः मुलगेही शिक्षणासाठी घेतलेल्या शिष्यवृत्तीवर पुणे-मुंबईला आणि परदेशी जातात. त्यांना दिलेले साहाय्य वाया गेले, असे कोणी म्हणत नाही. शिवाय आज अनेक व्यवसाय दूरध्वनी आणि संगणकावर चालतात. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती दळून, पाकिटबंद करून विकणाऱ्या उद्योजिकेचे सासर अमरावतीला असो वा औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तिचा ग्राहक तिच्याबरोबरच जातो.

तिसरा आक्षेप असा की, महिलांसाठी महिला मंडळ आहेच. या आक्षेपात तथ्य आहे आणि धोकाही आहे. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या इंडियन मर्चंट्स चेंबरची महिला शाखा १९६६ मध्ये सुरू झाली. ग्रामीण उद्योजिकांसाठी तिने १९९२-९३ पासून दिलेल्या पुरस्काराला वर्ध्याच्याच जानकीदेवी बजाज यांचे नाव आहे. जैन इंटरनॅशनल ट्रेड ऑर्गनायझेशननेही महिला शाखा आणि नवउद्योगांना साहाय्य करणारे प्रतिष्ठान, असे दोन्ही उपक्रम उभे केले. अशा शाखांतून स्त्रियांना बोलण्याचा धीर आणि परस्परांचा आधार मिळतो. परंतु शाखेत रांगोळी आणि पाककृतींच्या स्पर्धा, आणि मुख्य समितीत कर्ज व जागांचे निर्णय, अशी वाटणी झाली तर शाखा ही शिडी न राहता भिंत बनते. चतुर्विध संघात साधू-साध्वी आणि श्रावक-श्राविका असे चारही घटक मानलेले आहेत. संघाच्या व्याख्येत जिला स्थान आहे, तिला संघाच्या कर्जसमितीत स्थान नसावे, हे विसंगत आहे.

या विवेचनातून साहाय्यक संस्थांपुढे काही निश्चित सूचना ठेवता येतात.

एक, कर्ज आणि निवड समितीत किमान दोन स्त्री सदस्य असाव्यात. एकटी सदस्या बहुधा पाहुणी ठरते. दोघी असल्या की मत मांडले जाते. त्यांची निवड पदाधिकाऱ्यांच्या पत्नी म्हणून न होता व्यवसाय वा हिशेबाच्या अनुभवावरून व्हावी.

दोन, प्रत्येक अर्जदाराला विचारावयाचे प्रश्न आधीच लिहून ठेवावेत आणि ते सर्वांना सारखेच विचारावेत. पती वा वडिलांच्या संमतीची स्वाक्षरी मुलाच्या अर्जात लागत नसेल, तर मुलीच्या अर्जातही ती मागू नये.

तीन, बैठका आणि प्रशिक्षणाच्या वेळा पाहाव्यात. रात्री दुकाने बंद झाल्यावर नऊ वाजता होणारी बैठक व्यापाऱ्यांच्या सोयीची असते. त्याच वेळी घरात जेवणे, मुलांचा अभ्यास आणि वृद्धांची औषधे असतात. दुपारची वेळ आणि मुलांसाठी शेजारच्या खोलीत सोय, एवढ्याने उपस्थिती वाढू शकते. ज्या घरी चौविहार पाळला जातो, तेथील संध्याकाळची घाई तर सर्वांना ठाऊक आहे.

चार, सुरक्षिततेची व्यवस्था असावी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नोकरी करणाऱ्या स्त्रीपुरता मर्यादित नाही. त्या ठिकाणी आलेल्या अन्य स्त्रीलाही त्याचे संरक्षण आहे. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे. मार्गदर्शक आणि नवउद्योजिका यांच्या नात्यात एकाच्या हाती भांडवलाची शिफारस असते. म्हणून तक्रार कोठे करावयाची, हे फलकावर लिहिलेले असावे.

पाच, समावेशकतेचा विचार स्त्री-पुरुष या दोनच शब्दांवर थांबू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र ओळख मान्य केली आणि २०१९ मध्ये त्यांच्या हक्करक्षणाचा कायदा झाला. अर्जात त्यांच्यासाठी रकाना असणे आणि समोर आलेल्या व्यक्तीला आदराने खुर्ची देणे, यासाठी खर्च काहीच लागत नाही.

सहा, आणि कदाचित सर्वांत महत्त्वाची सूचना म्हणजे मोजमाप ठेवावे. किती स्त्रियांनी अर्ज केले, कितींचे मंजूर झाले, सरासरी रक्कम पुरुषांच्या तुलनेत किती, तीन वर्षांनी किती उद्योग चालू आहेत आणि धनादेशावर कोणाची स्वाक्षरी आहे, हे वार्षिक अहवालात छापावे. व्यापाऱ्याला मापाचे महत्त्व सांगावे लागत नाही. गज न लावता कापड विकणारा दुकानदार जसा अखेरीस तोट्यात जातो, तसेच मोजल्याविना केलेल्या समाजकार्याचे होते.

श्रोतेहो, या सूचनांपैकी एकीलाही मोठा निधी लागत नाही. लागते ती बसण्याची जागा थोडी बदलण्याची तयारी. नव्वद वर्षांपूर्वी याच नालवाडीत एका विद्वान पुरुषाने ग्रंथ बाजूला ठेवून कातणारीच्या जागी बसून पाहिले. अर्ज भरणाऱ्या तरुणीच्या जागी समितीतील प्रत्येक सदस्याने एकदा बसून पाहिले आणि स्वतःच्याच संस्थेचा अर्ज तिच्या नावाने भरण्याचा प्रयत्न केला, तर कोणत्या रकान्याशी पेन अडते, ते त्याला लगेच कळेल. तो रकाना दुरुस्त करणे, हे सुवर्ण महोत्सवी वर्षाचे एक सार्थ कार्य ठरेल.

पन्नास वर्षांत संस्थेने समाजातील मुलींना शिकविले. त्या शिकल्या, पदवीधर झाल्या, सनदी लेखापाल झाल्या, अभियंता झाल्या. आता त्यांच्या शिक्षणाला भांडवलाची आणि अधिकाराची जोड देणे, हे पुढील पन्नास वर्षांचे काम आहे. हीरक महोत्सवाच्या वेळी जनगणनेतील तो ९.२ हा आकडा केवळ इतिहासाच्या पुस्तकात उरावा आणि न्यासाच्या कर्जवहीत लेकी-सुनांची नावे स्वतःच्या स्वाक्षरीनिशी दिसावीत, हीच शुभकामना.

जय जिनेंद्र!